मुंबईच्या जुन्या इमारती बघायच्यात? मग आधी चर्चगेटच्या ओव्हल मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहा

नोकरीसाठी नाशिकहून, कोल्हापूरहून, लातूरहून मुंबईत आलेली ओळखीतली पोरं महिन्या-दोन महिन्यांनी हमखास विचारतात की गेटवे झालं, मरीन ड्राईव्ह झालं, आता बघायचं काय. मी सगळ्यांना एकच सांगते, ज्या इमारतीखालून रोज पळत लोकल पकडता ना, ती बघा. दुकानांच्या पाट्यांच्या वर बघा. मुंबईत पहिल्या मजल्याच्या वर एक वेगळंच शहर आहे आणि गर्दीत मान खाली घालून चालणाऱ्याला ते वर्षानुवर्षं दिसतच नाही, मलाही कॉलेजची तीन वर्षं दिसलं नव्हतं.

हे सगळं एका दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका. मी खाली जे लिहितेय ते तीन-चार रविवारांचं काम आहे. क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा, कारण एकदा नजर तयार झाली की पुढचं आपोआप दिसायला लागतं.

जायच्या आधी

दिवस रविवार, वेळ सकाळी सात. फोर्ट आणि चर्चगेट एरवी ऑफिसच्या गर्दीने भरलेलं असतं, रविवारी सकाळी रस्त्याच्या मधे उभं राहून वर बघता येतं. फक्त निघताना मेगाब्लॉक कुठल्या लाईनला आहे ते बघून घ्या, जाताना काही वाटत नाही पण दुपारी परत येताना हाल होतात. आता मेट्रो तीन पण आहे, तिची चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी ही स्टेशनं अगदी या इमारतींच्या पायथ्याशी आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात दगडाचा रंग खुलतो, पण वर बघायचं की छत्री सांभाळायची हा प्रश्न येतो. पाण्याची बाटली, चालायचे बूट आणि असली तर छोटी दुर्बीण, नसली तर मोबाईलचा झूम चालेल, पण वरचं कोरीवकाम नुसत्या डोळ्यांनी पुरतं दिसत नाही एवढं लक्षात ठेवा.

आणि उन्हाचं एक गणित. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, म्हणजे ओव्हलच्या पश्चिमेची आर्ट डेको (१९३० च्या दशकातली, गोलाकार वळणांची शैली) बिल्डिंगांची रांग सकाळी उजळते. संध्याकाळी उलट, तेव्हा राजाबाई टॉवर, म्हणजे विद्यापीठाचा घड्याळाचा मनोरा, आणि हायकोर्ट सोनेरी होतात. म्हणून सकाळी डेको, संध्याकाळी गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या दगडी इमारती. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझे पहिल्या वर्षीचे राजाबाईचे सगळे फोटो काळे आलेत.

पहिली पायरी: ओव्हल, आणि अजून कुठेही नाही

चर्चगेटला उतरा, ओव्हल मैदानातून जी पायवाट आरपार जाते तिच्या मधोमध जाऊन थांबा. आजूबाजूला क्रिकेटच्या दहा मॅच एकदम चालू असतील, बॉलकडे लक्ष असू द्या. आता पूर्वेला तोंड करा. समोर दगडी मनोरे, टोकदार कमानी, उतरती छपरं. मागे वळा. समोर गोलाकार गॅलऱ्या, पिवळे-गुलाबी-हिरवट रंग, पाच-सहा मजल्यांच्या राहत्या बिल्डिंगा. एका मैदानाच्या दोन कडा, आणि मधे साधारण साठ वर्षांचा काळ. २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जो भाग जाहीर केला तो हाच, एकूण ९४ इमारती, आणि त्यांचा कणा म्हणजे हे मैदान.

हे असं का झालं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. पूर्वी मुंबईच्या किल्ल्याला तटबंदी होती, फोर्ट हे नाव त्यावरूनच. गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात १८६० च्या दशकात ती पाडली. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ ला युद्ध संपलं तसा तो पूर ओसरला, कित्येक जण बुडाले, पण तोपर्यंत मोठमोठ्या इमारतींची आखणी झालेली होती. तटबंदीच्या मोकळ्या जागेत त्या ओळीने उभ्या राहिल्या, सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण तेव्हा समोर समुद्र होता! हो, आज जिथे डेको बिल्डिंगा आहेत तिथे पाणी होतं. बॅकबे रिक्लमेशनची भर घातली ती १९२० नंतर, आणि त्या नव्या जमिनीवर १९३० च्या दशकात ही पश्चिमेची रांग आली. म्हणजे राजाबाई टॉवर बांधला तेव्हा त्याच्या आणि अरबी समुद्राच्या मधे ही इमारतींची रांग नव्हती. मैदानात उभं राहून डोळ्यांसमोरून ती पश्चिमेची रांग पुसून बघा एकदा, अंगावर काटा येतो.

दुसरी पायरी: सकाळच्या उन्हात आर्ट डेको

मैदानाच्या पश्चिमेला महर्षी कर्वे रोड. त्याच्या कडेने सावकाश चाला, प्रत्येक बिल्डिंगसमोर दोन मिनिटं. आधी नाव वाचा. रज्जब महाल, कोर्ट व्ह्यू, एम्प्रेस कोर्ट. ही नावं सिमेंटमध्ये उठावाने काढलेली आहेत आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं, कुठे उंच सडपातळ, कुठे गोल गरगरीत. अक्षरांची आवड असेल तर फक्त नावांचे फोटो काढत फिरा, एक सकाळ पुरत नाही.

मग खिडक्यांवरचे छज्जे बघा. उन्हापावसापासून वाचवायला खिडकीवर छज्जा लागतोच, पण इथे तो एका खिडकीपुरता न राहता भुवईसारखा कोपऱ्यावरून वळून पुढे जातो. हे जमलं आरसीसीमुळे, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटमुळे. दगडात असा अधांतरी छज्जा आणि कोपऱ्याला वळणारी खिडकी करणं महाकठीण, काँक्रीटमध्ये सहज. म्हणजे नुसती फॅशन बदलली नव्हती, हातातलं मटेरियलच बदललं होतं. नंतर गॅलऱ्या बघा, त्या काळातल्या आगबोटीच्या डेकसारख्या, कठड्याला आडव्या पट्ट्या, कुठे कुठे बोटीला असतात तशा गोल खिडक्या. त्या काळात आगबोट म्हणजे आधुनिक जगाचं चिन्ह, आणि समुद्र तर शेजारीच. दारांच्या आणि जिन्यांच्या ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याचे किरण, लाटा, ताडाची झाडं, कारंजं असलं काही ना काही सापडतंच.

यातली एम्प्रेस कोर्ट ही ग. बा. म्हात्रे यांची, आणि मरीन ड्राईव्हवरची सूना महाल पण त्यांचीच. गजानन बाबुराव म्हात्रे हे नाव आपल्या लोकांना फारसं माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. मुंबईच्या डेकोवर ज्यांचा ठसा सगळ्यात मोठा त्या वास्तुविशारदांमध्ये हा मराठी माणूस, आणि मुंबईला बिल्डिंगमध्ये राहायचं कसं हे ज्यांनी शिकवलं त्यातले ते एक. सूना महालचा कोपरा बघायला मुद्दाम जा, रस्त्याच्या वळणाबरोबर बिल्डिंग वळते आणि वर छोटा मनोरा.

रांगेच्या टोकाला चर्चगेटसमोर इरॉस थिएटर, १९३८ चं, सोहराबजी भेदवारांचं. दोन पंख पसरून मधे पायरी पायरीने वर चढत जाणारा मनोरा, खाली आग्र्याचा लाल दगड, वर क्रीम रंग. बरीच वर्षं बंद पडलेलं, आता पुन्हा सुरू झालंय.

एक महत्त्वाचं. या बिल्डिंगांमध्ये लोक राहतात. रस्त्यावरून फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण आत जिना बघायचा असेल तर वॉचमन काकांना आधी विचारा, कशासाठी ते सांगा, घरांची दारं आणि माणसं फोटोत येऊ देऊ नका. मी नुसतं 'काका, जिना फार सुंदर आहे, खालूनच एक फोटो काढू का' असं विचारते, दहातले चार हो म्हणतात. एका काकांनी तर लिफ्टची जुनी जाळी स्वतः पुसून दाखवली होती. नाही म्हणाले तर थँक यू म्हणून पुढे.

मग चालत मेट्रो थिएटरच्या नाक्याला जा, समोर कयानी, १९०४ चा इराणी कॅफे. बन मस्का आणि चहा घ्या, पण खाता खाता खुर्ची बघा. वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या त्या काळ्या खुर्च्या आणि संगमरवरी टेबलं हा पण वारसाच आहे, फक्त त्याला कुणी पाटी लावलेली नाही. मेट्रो थिएटर पण १९३८ चंच.

तिसरी पायरी: संध्याकाळी गॉथिक

त्याच दिवशी पाय चालत असतील तर साडेचारला पुन्हा ओव्हलवर, नाहीतर पुढच्या रविवारी. आता पूर्वेची बाजू.

राजाबाई टॉवर ८५ मीटर. पूर्ण झाला १८७८ ला. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईत कधी आलाच नाही, कागदावर काढून पाठवलं आणि इथल्या हातांनी दगडात उतरवलं. पैसे कापसाच्या तेजीतले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचे, टॉवरसाठी दोन लाख रुपये, आणि नाव त्यांच्या आईचं. त्या जैन, सूर्यास्ताआधी जेवायच्या, दृष्टी गेलेली, म्हणून टोल ऐकून वेळ कळावी असा हेतू होता अशी गोष्ट सांगतात. आता झूम करा. मनोऱ्यावर वरच्या अंगाला माणसांचे पुतळे आहेत, पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे, आपापल्या पागोट्यांसकट. रस्त्यावरून नुसते ठिपके दिसतात, झूम केला की चेहरे.

शेजारचं हायकोर्ट, तेही १८७८ चं, कर्नल फुलरचं. हे काळ्या दगडाचं, सह्याद्रीत जो असतो तोच बेसाल्ट, आणि राजाबाईचा पिवळसर दगड कुर्ल्याचा. हा फरक डोळ्यांना कळायला लागला की फोर्टमध्ये चालायला वेगळीच मजा येते, काळा, पिवळट कुर्ल्याचा, मालाडचा, पांढरट पोरबंदरचा, एका भिंतीत कधी तीन-तीन रंग. कोर्टाच्या दोन टोकदार मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. आत कुठेतरी एका खांबावर डोळ्यावर पट्टी बांधलेलं माकड हातात तराजू घेऊन बसलंय, त्याची ठेकेदाराच्या रागाची गोष्ट सगळे गाईड सांगतात, पण कोर्टात असं हिंडता येत नाही आणि गेटवर पोलीस असतात, तिथे कॅमेरा नाचवू नका.

नव्या माणसाला गॉथिक ओळखायची खूण काय? कमान. गोल न राहता वर टोक निघालं की समजा. आणि पन्हळीसारखी पुढे आलेली प्राण्यांची तोंडं, ती छपरावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला. जुलैत जोराचा पाऊस सुरू असताना सीएसएमटीसमोर उभे राहिलात तर ती नक्षी कशासाठी ते कळतं.

चौथी पायरी: सीएसएमटी, आणि यासाठी अर्धा दिवस वेगळा

या इमारतीबद्दल मी फार बोलते असं घरचे म्हणतात. बोलणारच. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने ती केली, काम १८७८ ते १८८८, दहा वर्षं, आणि २००४ ला ती जागतिक वारसा झाली. त्याच स्टीव्हन्सची समोर महापालिका, १८९३ ची, आणि चर्चगेटसमोरचं पश्चिम रेल्वेचं मुख्यालय, १८९९ चं. तिन्ही एकापाठोपाठ बघा, एका माणसाचा हात ओळखू येतो, घुमट कसा बसवायचा आणि कोपरा कसा फिरवायचा यात. १९०० साली तो मुंबईतच गेला, शिवडीच्या दफनभूमीत आहे.

बघायचा क्रम असा. आधी रस्त्याच्या पलीकडे, महापालिकेच्या बाजूला उभे राहा, तिथून अख्खी दिसते. मधला घुमट, त्यावर प्रगतीची मूर्ती, एका हातात उंच मशाल, दुसऱ्यात चाक. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ, सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. दर्शनी भिंतीवर गोलात चेहरे आहेत रेल्वे कंपनीशी संबंधित लोकांचे, त्यात पागोटंवाले जगन्नाथ शंकरशेठ शोधा, आपले नाना. मुंबईत रेल्वे यावी म्हणून जे झटले त्यांना रोज लाखो लोक न बघता ओलांडून जातात.

मग जवळ जा आणि कोरीवकामाला भिडा. हे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. इथल्या पोरांनी. म्हणून त्यात इंग्लंडातली पानं-फुलं कमी आणि मोर, माकडं, पाली, साप, आपल्याकडची झाडं जास्त. मोर पिसारा फुलवून खिडकीच्या वरच्या कमानीत असा चपखल बसवलाय की कमान मोरासाठी केली की मोर कमानीसाठी हे कळत नाही. मग लोकलच्या जुन्या तिकीट हॉलमध्ये जा, तो स्टार चेंबर. वर निळ्या छतावर सोनेरी तारे, खांबांच्या माथ्यांवर कोरलेली पानं आणि त्यात दडलेले छोटे प्राणी. मी एकदा चाळीस मिनिटं एकाच खांबापाशी होते. पानाच्या मागून एक पाल डोकावतेय, तिची शेपटी खांबाला वळसा घालून पलीकडे गेलीय, आणि पलीकडून बघितल्याशिवाय ती शेपटी तिचीच हे कळतच नाही. कुणी बघणार नाही अशा जागी कुणीतरी एवढं जीव लावून काम केलंय. गर्दीची वेळ टाळा, रांगेतल्या लोकांना अडथळा नको. मुख्य जिना आणि आतला भाग बघायला रेल्वेचं हेरिटेज म्युझियम आहे, तिकीट काढून दाखवतात, ते शनिवार-रविवार सोडून असतं, वेळ बदलते तेव्हा आधी चौकशी करून जा.

पाचवी पायरी: फोर्टमधलं राहिलेलं

इथे मी पटपट जाते. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन, १८६४ चं, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राचं हुतात्मा स्मारक, तिथे दोन मिनिटं थांबा. जवळच महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची बिल्डिंग, १९३६ ची, मास्टर-साठे-भुता यांची, आणि तिच्या दर्शनी भिंतीवर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी कोरलेली कष्टकरी माणसं, उंचच्या उंच. एवढी मोठी, एवढी शांत शिल्पं रस्त्यावर आहेत आणि खालून बस जातात. ही चुकवू नका, बाकी काही चुकलं तरी चालेल. पुढे काळा घोडा, तिथे एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, इंग्लंडात ओतलेल्या लोखंडी सांगाड्याचं, भारतात सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो ७ जुलै १८९६ ला तिथेच. हॉर्निमन सर्कलला टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून दमलेले पाय मोकळे करा. जीपीओचा, म्हणजे मोठ्या पोस्टाचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय, ज्यांनी विजापूर बघितलंय त्यांना गंमत वाटेल. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, १८६९ ची, दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं जॉन लॉकवुड किपलिंगची. आंब्याच्या दिवसात जा, दोन्ही कामं होतात.

सहावी पायरी: आपली घरं

खरं तर मला ही पायरी पहिली लिहायची होती. वारसा म्हटलं की लोक गेटवेपाशी थांबतात, पण मराठी मुंबई राहिली ती गिरगावात, लालबाग-परळला, दादरला. गिरगावात खोताची वाडी बघा, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची जुनी घरं, एका अरुंद बोळात, आता थोडीच उरलीत. हळू आवाजात फिरा, ती कुणाची तरी दुपारची झोप असते. तिथून ठाकुरद्वारला मिसळ खा आणि मागच्या चाळींमध्ये डोकवा. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती आहे. चाळ बघताना मधला चौक आणि सगळ्यांची मिळून एक गॅलरी बघा, शेजार कसा घडतो ते त्या आखणीत आहे. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, सुरुवातीच्या काँक्रीटच्या. त्यांच्या जागी आता टॉवर येतायत. तिथे राहणाऱ्यांना १६० चौरस फुटातून मोठं घर मिळतंय ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण जे उभं आहे ते बघायचं असेल तर लवकर जा.

आणि दादर. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, शिवाजी पार्क. १८९६ च्या प्लेगनंतर शहर मोकळं करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याने आखलेल्या दादर-माटुंग्याच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवर नंतर डेको आली, तीन-चार मजली, मध्यमवर्गाची. ओव्हलवर जे शिकलात ते सगळं इथे आहे, तोच भुवईसारखा छज्जा, तेच ग्रिल, तीच सिमेंटातली अक्षरं, पण घरगुती मापात, आणि गॅलरीत तुळस.

माझ्या आत्याची बिल्डिंग अशीच होती, दादरला, पागडीची. जिन्याला हिरव्या-काळ्या मोझॅकच्या पायऱ्या, मधे झिजून खोलगट झालेल्या, कठड्याच्या ग्रिलमध्ये उगवता सूर्य. रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आम्ही बिल्डरच्या माणसाला सांगून ठेवलेलं की ग्रिलचा एक तुकडा आणि नावाची अक्षरं काढून द्या, तो हो म्हणाला, आणि आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवशीच सगळं भंगारात गेलेलं. कुणाशी भांडणार? तेव्हापासून मी ज्या बिल्डिंगपाशी जाते तिथे चार फोटो काढतेच, नाव, दार, जिना, ग्रिल, आणि फोटोला पत्ता आणि तारीख लगेच टाकते, घरी जाऊन टाकू म्हटलं की राहतं. तुम्ही भाड्याने राहता ती बिल्डिंग जुनी असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करा, परवानगीचा पण प्रश्न नाही. आर्ट डेको मुंबई नावाचा ट्रस्ट अशा बिल्डिंगांची नोंद ऑनलाइन ठेवतो, आपली बिल्डिंग त्यात आहे का बघा.

आत्याच्या जिन्याचा आमच्याकडे एकच फोटो आहे. माझा भाऊ पाच वर्षांचा, मधल्या पायरीवर बसलाय, हातात पेप्सीकोला, आणि ग्रिलमधला सूर्य अर्धा त्याच्या डोक्यामागे लपलाय.